तुझी जीभ काळी न्हाई

वाटूर फाटा
१२ एप्रिल २०२५

बेबीनंदा,

अक्षर वळखलं असशील. तुझी वहिनी, आसरा. आधी वाच, मंग खुशाल चुलीत घाल.

शिवशंकरला लेक झाली. सोमवारी, जालन्याला. मोनिका बरी हाय, लेक बरी हाय, बाप तेवढा येडा झालाय. बियाण्याचा टेम्पो उभा करून पाळण्यापाशी बसून राह्यलाय. पोरीचा रंग तुमच्या घराण्याचा, नाक बी तुमचंच. माझं म्हणून काही घेतलं न्हाई तिनं, रडायचा आवाज तेवढा घेतला. तुझा दादा म्हणतो, "आलं, वाटूर फाट्याला दुसरं भोंगं आलं." तुझ्या दादाला एवढंच बोलता येतं आणि तेवढंच नेमकं वाकडं येतं.

आता कामाचं. शिवाला बहीण न्हाई, म्हणजे पोरीला सख्खी आत्या न्हाई. बारशाला नाव ठेवायचा मान बापाच्या आत्याचा, म्हणजे तुझा. तू यायचं, पोरीच्या कानात नाव सांगायचं, पाठीत धपाटे खायचे, आणि जेवून जायचं. मोनिकाची आई म्हणाली, "आमची मावशी ठेवंल नाव." मी मान हालवली, न्हाई म्हणून. दुसरं कोणी ठेवलेलं या घरात चालायचं न्हाई. तू येईपर्यंत पोरगी बिननावाची राहील, मला फरक पडत न्हाई.

शिवाच्या हळदीपासून तू या घराची पायरी चढली न्हाईस. वरीस होत आलं. त्या दिवसाचं इथं काही लिहीत न्हाई, तुझं बी डोकं फिरंल आणि माझं बी. तू म्हणशील, फोन काहून करत न्हाई. एक तर तू माझा नंबर बंद केलाय. आणि पाव्हण्यांच्या, तुझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर करायचा तर मला बोलणं जमून न्हाई राह्यलं. का, ते इचारू नको. नेटवर्कचं समज.

मी बरी हाय. थोडी बारीक झाले एवढंच, लुगडं दोनदा गुंडाळावं लागतं. त्याला काय, म्हातारपणी बायका बारीकच होतात.

शिवा तुला आवतण द्यायला येणार हाय. त्याच्याशी नीट बोल. त्यानं तुझं काही घोडं मारलं न्हाई.

आसरा


वाटूर फाटा
३० एप्रिल

बेबी,

शिवा काल तुझ्या अंकुशनगरहून आला. गाडी लावून तसाच पायरीवर बसला. म्हणला, "आई, आत्या येत न्हाई. रागात न्हाई ती. ती भिऊन बसलीय."

मंग त्यानं सगळं सांगितलं. तू त्याला जेवू घातलंस, त्याच्या लेकीचा फोटू डोळ्याला लावलास, आणि म्हणलीस, "माझी जीभ काळी हाय रे बाबा. मी तुझ्या आईच्या तोंडाला आग लागो म्हणले आणि खरंच आग लागली. पोरीच्या कानाला माझी जीभ नको." आणि म्हणं तू तिखट सोडलंस. माझं तोंड बरं होईपर्यंत मिरचीचा कण खायचा न्हाई असा नवस केलास बिरोबाला.

अगं बाई माझे! मी इथं वरीसभर समजून बसले का बेबी रुसली, बेबीला मिजास चढली, आणि तू तिकडं आळणी वरण खाऊन राह्यलीस व्हय? तुझ्या मिरची सोडण्यानं माझं तोंड बरं व्हायला मी काय तुझी जीभ चाटते?

मला रडू आलं ते ऐकून. रडले बी. रडताना गालावर पाणी आलं की दुखतं, म्हणून जल्दी थांबले.

तर ऐक आता. मागल्या पत्रात मी बरी हाय म्हणलं ते खोटं. मी बरी न्हाई. उजव्या बाजूला, नाकपुडीपासून जबड्यापर्यंत, मला करंट बसतो. करंट म्हणजे खराखुरा, विहिरीच्या मोटारीच्या पेटीला हात लागल्यावर बसतो तसा. दोन सेकंद, चार सेकंद, कधी मिनीटभर. मंग काहीच न्हाई, जसं काही झालंच न्हाई. पाणी लागलं की बसतो, वारं लागलं की बसतो, घास चावला की बसतो, आणि बोललं की तर हमखास. म्हणून फोन न्हाई. आपल्या टपरीवर गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, आज गप?" आणि मी च्या गाळत राहते. जिचं तोंड फाट्यावरून परतूरपर्यंत ऐकू जायचं तिला देवानं मुकं केलं बघ.

आता हळदीचा दिवस. तू मागून आलीस, दोन्ही मुठीत हळद. ननंद-भावजयीची मस्करी, प्रत्येक लग्नात आपण करतच आलोत. तू माझे दोन्ही गाल कसून घासलेस. आणि करंट सुटला. बेबी, मला तू दिसतच न्हवतीस. मला काहीच दिसत न्हवतं. हात आपोआप गेले. डोळे उघडले तवा तू मांडवाच्या मेढीपाशी पडलेली, हातातला हिरवा चुडा फुटलेला, मनगटाला रगत. भर हळदीत सवाष्णीचा चुडा फुटला, ते बी भावजयीच्या हातानं. सगळे पाव्हणे बघून राह्यलेले.

तू बोललीस ते कोणी बी बोललं असतं. तुझ्या जागी मी असते तर यापेक्षा वंगाळ बोलले असते, तुला म्हाईत हाय. पण मला एक शब्द बोलता येईना. तोंड उघडलं की परत करंट. मी पदर लावून आत गेले, आणि सगळ्यांना वाटलं, बघा, साधं "लागलं का" म्हणून बी इचारलं न्हाई.

आता नीट ध्यान देऊन वाच. हे दुखणं तुझ्या बोलण्याच्या आधीचं हाय. लग्न मे महिन्यात झालं. मला पहिला करंट त्याच्या आधीच्या दिवाळीला बसला, अभ्यंगाच्या पहाटे, हौदावर तोंड धुताना. मला वाटलं दाढ. परतूरला दातवाल्याकडं गेले. तो बिचारा बघून म्हणला, "मावशी, दाढ चांगली हाय." मी म्हणलं, दुखतंय मला का तुला? उपट. त्यानं उपटली. दुखणं तिथंच. मंग दुसऱ्याकडं जाऊन शेजारची उपटली. दोन चांगल्या दाढा गेल्या माझ्या. मिश्री लावायची ती चारपट केली. एका जाणत्यानं गालाला बिब्बा लावला, त्याचा डाग अजून हाय.

आणि हे कोणाला सांगितलं न्हाई, तुझ्या दादाला बी दाढच सांगितली. शिवाची सोयरीक चालली व्हती. पोरीवाल्यांच्या कानावर गेलं असतं की सासूला झटके येतात, तर मोनिका आपल्या घरात आली असती का? म्हणून दात दाबून गप. लग्नानंतर दुखणं वाढलं, आणि टपरीवरच्या भवान्या कुजबुजायला लागल्या, बेबीचा तळतळाट लागला. मला ऐकू यायचं. पण "गप बसा ग" म्हणायला तोंड उघडंना. मी गप, म्हणजे लोकांना पटलंच.

दिवाळी आधी का मे आधी? तूच सांग.

तुझी वहिनी


वाटूर फाटा
१८ मे

बेबीबाई,

जीपवाल्या भिवाच्या हाती तुझा निरोप आला. "वहिनीला म्हणावं, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून दिवाळीची थाप मारू नको." एवढं लिहिलं, हात मोडायची पाळी आली, आणि बाईसाहेबांना थाप वाटली! अगं, तुला खुश करायला मी कधी खोटं बोलले? तुझ्या हातची पुरणपोळी चामट व्हती तवा चारचौघींत सांगितलं व्हतं.

बरं. माझं ऐकू नको, डॉक्टरचं ऐक.

मला दवाखान्यात नेलं ते मोनिकानं, जानेवारीत. सातवा महिना लागलेला तिला, तरी नेलं. मी ताटावर बसून वरण बोटानं चाटत व्हते, चावायला नको म्हणून. तिनं बघितलं, ताट सरकवलं आणि म्हणली, "सासूबाई, दाढ काढून वरीस झालं. मंग अजून काय दुखतं?" दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात, नसांच्या डॉक्टरकडं.

तिथं बसायच्या जागेत काय एकेक माणूस. एक रखमाजी म्हणून म्हातारे व्हते, शुगरवाले, म्हणले, तळपायाला रातंदिस निखाऱ्यावर उभं केल्यासारखं व्हतं, आणि वर मुंग्या. एक बाई व्हती, तिला नागीण झाल्ती, पुरळ कधीच गेले पण पाठीला लुगड्याचा पदर सुद्धा सहन होईना. मी म्हणलं, आपण एकट्याच न्हाई, इथं सगळाच बाजार नशीचा हाय.

डॉक्टरनं गालाला हात लावायच्या आधीच इचारलं, "किती येळ दुखतं? एकाच बाजूला? वारं लागलं की? मधल्या येळेत अजिबात न्हाई?" मी सगळ्याला व्हय म्हणून मान हालवली. म्हणला, "मावशी, दाढा किती काढल्या?" मी दोन बोटं दाखवली. तो म्हणला, "कमी काढल्या. चार-चार काढून येतात लोक." मंग डोक्याचा एमआरआय काढला. त्या नळकांड्यात झोपवलं मला, ठोकठोक आवाज व्हता, पण दुखलं न्हाई.

आता कारण ऐक. मेंदूतून तोंडाकडं एक नस येती. कपाळ, गाल, जबडा, सगळ्याचा निरोप तीच मेंदूला पोचवती. माझ्या त्या नशीला शेजारची रक्ताची नळी चिकटलीय. दर ठोक्याला ती तिथं घासती. घासून घासून नशीवरचं आवरण गेलं, जसं वायरीचं रबर जातं. मंग गालाला साधा पदर लागला तरी नस मेंदूला सांगती, आग लागली, आग लागली. गालात काही न्हाई, दाढेत काही न्हाई. दुखणं वायरीत हाय. डॉक्टर म्हणला, ही नळी काही महिन्या-दोन महिन्यांत चिकटत न्हाई. वय झालं की नळ्या लांबतात, वाकड्या होतात, मंग असं होतं. बायकांना जास्त होतं.

मी मोनिकाकडून पाटी-पेन्शील घेतली, तिथं पोरांसाठी ठेवल्ती, आणि लिहून इचारलं, शिव्याशाप लागून होतं का? डॉक्टर हसला बी न्हाई. म्हणला, "तसं असतं तर माझ्या दवाखान्यात सासवा-सुनांना उभं राह्यला जागा नसती." घे. आता डॉक्टर बी थापा मारतो म्हण.

औषध असं. साध्या दुखण्याच्या गोळ्यांचा उपेग न्हाई, त्या मी भाकरीसारख्या खाल्ल्यात. ही गोळी नस शांत करायची. आधी थोडी, मंग हळूहळू वाढवायची. सुरुवातीला गरगरतं, झोप येती, मी एकदा च्यात साखरीऐवजी मीठ टाकलं, सगळे गिऱ्हाईक थुंकत उठले. अधूनमधून रगत तपासायचं. आणि आपल्या मनानं बंद करायची न्हाई. हे मला कळलं ते तुझ्या दादामुळं. औषधाचा दुकानदार त्याला म्हणला, "ही तर मिरगीची गोळी." झालं! तुझ्या दादानं, या बिरूनं पाकीट नेऊन मेंढरांच्या औषधात लपवलं, माझ्या बायकोला मिरगी न्हाई म्हणून. दोन दिवसांत मी जमिनीवर लोळले. मोनिकानं फोन लावून डॉक्टरला इचारलं. डॉक्टर म्हणला, मिरगीत जी गोळी मेंदूला शांत करती तीच या नशीला शांत करती, बंद करू नका. तवापासून तुझा दादा स्वतः गोळी हातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत तोंडाकडं बघत बसतो. प्रेम म्हणायचं याला का पाळत, मला अजून कळलं न्हाई.

गोळीनं करंट कमी झालेत, गेले न्हाईत. पुढं गोळी पुरी पडली न्हाई तर ऑपरेशन. कानाच्या मागून उघडून, ती नळी आणि नस यांच्या मधे कापसासारखी गादी घालतात, घासणं बंद. ऐकून बिरूचं तोंड उतरलं. मी तेवढी भ्याले न्हाई. कुठं दुखतंय ते कळलं की निम्मी भीती जाती. जवर कळलं न्हवतं तवर मला बी रातीबेराती वाटायचं, बेबीचं बोलणं तर न्हवं? हे तुला आज सांगून टाकते. मला बी वाटलं व्हतं. आता वाटत न्हाई.

पोरगी दीड महिन्याची होत आली. शेजारणी तिला "ए बाई" म्हणून हाका मारतात. बारसं पाच जूनला, गुरुवारी. ये. नको वाटलं तरी ये, उभी राह्य आणि परत जा.

आसरा


वाटूर फाटा
८ जून, रविवार

बेबी,

तू घरी पोचलीस, पाव्हण्यांचा फोन आल्ता. गुरुवारचं तू पाह्यलं ते बाहेरून. मी आतून सांगते, कारण तवा बोलता आलं न्हाई.

तू जीपमधून उतरलीस, मला लांबूनच नमस्कार केलास, आणि पाळण्यापाशी जाऊन उभी राह्यलीस. बायकांचं गाणं म्हणून झालं. मोनिकानं पोरीला तुझ्यापुढं धरलं. तू वाकलीस, आणि तशीच राह्यलीस. तुझे ओठ हालंनात. मोनिकाची आई म्हणली, "घ्या आत्याबाई, नाव सांगा." दुसरी म्हणली, "लाजल्या वाटतं." तुझ्या कपाळाला घाम आल्ता. मला दिसून राह्यलं की ही आता मागं फिरणार, आणि फिरली तर जन्मात या दारात यायची न्हाई.

त्या गडबडीत सकाळची गोळी राह्यली व्हती माझी. तुझा दादा मंडपवाल्याशी भांडून राह्यलेला, त्याची पाळत चुकली. मी "बोल की ग" म्हणायला तोंड उघडलं, आणि नेमकं कुलरचं वारं फिरून गालावर आलं.

असला करंट मला वर्षात बसला न्हवता. मी दाराची चौकट धरली. ओरडायला येत न्हाई, ओरडलं तर वाढतं. डोळ्यातून पाणी गळून राह्यलेलं आणि मी दगडासारखी उभी. मोनिकाच्या आईनं "अगं बाई, काय झालं" म्हणून माझ्या तोंडाला हात लावायला पुढं केला.

आणि तू तिचा हात धरलास. तू म्हणलीस, "शिवू नका तिला." तू स्वतः बी शिवली न्हाईस. तुझा हात माझ्या गालापर्यंत आल्ता, मी डोळ्याच्या फटीतून बघितलं, आला आणि हवेतच थांबला. मंग तू गेलीस आणि कुलर बंद केलास. पार बटन दाबून, वर प्लग बी काढलास. परत येऊन माझ्यापुढं उभी राह्यलीस, काही न बोलता, काही न करता, संपेपर्यंत. बेबी, दोन दाढावाले, एक बिब्ब्यावाला, आणि हळद-लेप लावणाऱ्या साऱ्या आयाबाया झाल्या. सगळ्यांनी मला धरलं. न धरता सांभाळणारी तू पहिली.

करंट गेला तवा तू बारीक आवाजात इचारलंस, "आता तर कोणी तुला काहीच बोललं न्हवतं?" मी न्हाई म्हणून मान हालवली. तू म्हणलीस, "सगळ्या नावाची वाट बघून राह्यल्या व्हत्या." मी व्हय म्हणून मान हालवली. तुझं तोंड असं झालं की हसावं का रडावं मला कळंना. दोन पत्रं लिहिली, डॉक्टर लिहिला, एमआरआय लिहिला, ते तुला पटलं न्हाई. कुलरनं पटवलं.

मंग तू पोरीच्या कानाशी वाकलीस आणि नाव सांगितलंस. मोनिकानं काढलेल्या नावांत ते न्हवतंच. ईश्वरी. कुठून आणलंस देव जाणे. पण पोरीनं डोळे उघडून तुझ्याकडं बघितलं. बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात मोठा माझा व्हता. वर्षभराचा राग व्हता त्यात, आणि बाकी बी बरंच व्हतं. पाठ अजून दुखत असंल तर दुखू दे, ते दुखणं मात्र माझ्यामुळंच हाय, डॉक्टरला इचारायची गरज न्हाई.

डॉक्टरची पुढची तारीख घेतलीय. गोळी वाढवून बघतो म्हणला, न्हाई तर ऑपरेशनचं ठरवू. माझी तयारी हाय.

एक सांगायचं राह्यलं. जीपमधे बसताना तुला कोणीतरी सांगितलं का मी सकाळची गोळी चुकवली. तू पाय परत खाली टाकलास आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडलीस, "ए आसरे! परत गोळी चुकवलीस तर तंगडी मोडंल तुझी, लक्षात ठेव!" भिवानं जीप चालू केली आणि तू गेलीस. जीभ चावली न्हाईस, तोंडावर हात ठेवला न्हाईस, तुला कळलं बी न्हाई काय बोललीस ते. तुझा दादा माझ्याकडं बघत राह्यला.

काल गडबडीत दुपारची गोळी परत चुकली. आज रविवार हाय. दोन्ही तंगड्या साबूत हायेत, तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी वहिनी,
आसरा